तू झोप, मी बसते

हे घडलेलं आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण वाचून झाल्यावर 'बाईंना झोपेत भास झाला असेल' असं मला लिहून पाठवू नका. भास एका माणसाला होतो. इथे तिघांनी पाहिलं आहे, आणि त्यातला एक जण ट्रेन चालवत होता.

तारीख बारा ऑक्टोबर, दोन हजार तेवीस. वार गुरुवार. दुपारी तीनपासून संध्याकाळी साडेसहापर्यंत.

जागा, स्कॉटलंडच्या डोंगरातलं एक एवढंसं स्टेशन. नाव मी सांगणार नाही. सांगितलं की उद्या कुणीतरी तिथे व्हिडिओ काढायला जाईल, आणि त्या बाकावर बसेल.

तिथे कुणी बसू नये, एवढंच मला वाटतं.

जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी मावशी, वरदामावशी. वय त्रेसष्ट. अठ्ठ्याऐंशी साली लग्न करून इंग्लंडला आली, लंडनजवळ वॉटफर्डला कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, लायब्ररीत नोकरी केली. मुलगा कुश मॅंचेस्टरला. नवरा, म्हणजे आमचे शशीकाका, हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. आयुष्यभर हजारो माणसांना त्यांनी शांत झोपवलं. आपल्या घरात एक बाई पाच वर्षं झोपलेली नाही, हे मात्र त्यांच्या लक्षात आलं नाही.

पाच वर्षं म्हणजे आक्कांची. आक्का मावशीच्या सासूबाई. स्ट्रोक आला आणि अंथरुणाला खिळल्या. सकाळ-संध्याकाळ कौन्सिलची केअरर, म्हणजे मदतनीस बाई, यायची, अर्धा तास थांबायची, फाइलमध्ये सही करून जायची. उरलेले तेवीस तास मावशीचे. रात्री तीन-चारदा हाक यायची, "वरदा…" आणि मावशी उठायची. कूस बदलून द्यायची, पाणी पाजायची, चादर बदलायची.

त्याच वर्षी जानेवारीत आक्का गेल्या. पहाटे, झोपेतच. एक्क्याण्णव वर्षांच्या होत्या. सुटल्या, असं सगळे म्हणाले. मावशी सुटली असंही म्हणाले.

पण मावशी काही सुटली नाही. रात्री ठरावीक वेळी तिला जाग यायची आणि मग डोळ्याला डोळा लागायचा नाही. चेहरा अगदी राखेसारखा झाला होता.

शेवटी कुशनेच तिकिटं काढली. आधी बेत होता स्वित्झर्लंडचा. आल्प्समधल्या गावागावांतून ट्रेनने हिंडायचं, मध्ये जमेल तेवढं चालायचं, घाई नाही, बरोबर गाइड नाही. काकांच्या गुडघ्याने ऐन वेळी दगा दिला, डॉक्टर विमान नको म्हणाले, म्हणून तसलाच कार्यक्रम त्याने स्कॉटलंडमध्ये शोधला. कंपनी नकाशे आणि तिकिटं पाठवते. बॅगा व्हॅनने पुढच्या मुक्कामी जातात. आपण हात हलवत निघायचं.

"आई, तू फक्त जा," कुश फोनवर म्हणाला. त्याचं मराठी इथलंच, इंग्लंडात वाढलेल्या मुलाचं. "चालायचा मूड नसला तर ट्रेन घ्यायची. सेल्फ-गाइडेड आहे, कोणी काय बोलणार नाही. जस्ट रेस्ट कर."

जस्ट रेस्ट कर. पाच वर्षांनी सुचलं हे, पण मी तरी काय सुचवलं होतं म्हणा. मी जवळच्याच एजवेअरहून महिन्यातून एकदा फुलं घेऊन जायचे, जेवायचे आणि परत यायचे.

पहिले तीन दिवस बरे गेले. पाऊस होता, पण गेस्ट हाउसं उबदार होती. मावशीने वॉटफर्डहून दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या आणि लसणाची चटणी नेली होती. "आपण स्कॉटलंडला चाललोय की नर्मदा परिक्रमेला?" असं काका चिडवत होते, आणि तिच्या डब्यातल्या अर्ध्या दशम्या तेच खात होते.

चौथ्या दिवशी काकांचा गुडघा सुजला. त्या दिवशीची वाट नऊ मैलांची होती, रेल्वेच्या रुळांना धरून जाणारी. बरोबर मध्यावर एक छोटं स्टेशन. तिथे ना माणूस, ना तिकीटखिडकी, ना जवळपास रस्ता. पायवाट आणि रूळ, बस्स. गाडी तिथे आपणहून थांबत नाही. फलाटावरच्या माणसाने हात पुढे करून दाखवला की ड्रायव्हर थांबवतो. त्या बाजूला अशी स्टेशनं बरीच आहेत.

"आज दोघंही ट्रेननेच जाऊ," काका म्हणाले.

"तुम्ही या ट्रेनने. मी अर्ध्यापर्यंत चालते," मावशी म्हणाली. "चार बाराला गाडी तिथे येते ना? मी हात दाखवीन आणि चढेन. तुम्ही खिडकीत बसा म्हणजे दिसाल."

"एकटी कशाला जातेस?"

"पाच वर्षांत एकटी कुठे गेले नाही, म्हणून."

काकांनी तिची पाण्याची बाटली भरून दिली.

मावशी साडेअकराला निघाली. वाट सोपी होती. एका हाताला रूळ, दुसऱ्या हाताला ओढा. डोंगरांवर ढग उतरलेले. बारीक, न दिसणारा पाऊस. तीन तासांत तिला एकही माणूस भेटला नाही. मेंढरं होती, मधूनच ओरडायची. ओढ्याचा आवाज सतत सोबतीला होता.

स्टेशन जवळ आलं तसे तिचे पाय जड झाले. दमणं तिला नवीन नव्हतं. पण हा थकवा निराळा होता. हाडांत मुरलेला सगळा शीण एकदमच वर आल्यासारखं वाटत होतं.

ती फलाटावर चढली तेव्हा तीन वाजायला दहा मिनिटं होती.

फलाट लहानसा. वर पत्रा आणि तीन बाजूंना काचा असलेला एक आडोसा. आत एक लांब लाकडी बाक. भिंतीवर गाड्यांचं वेळापत्रक. चार बारा. त्यानंतर एकदम सव्वासात. मोबाइलला सिग्नल नव्हता.

ती बाकाच्या एका टोकाला बसली, आणि मग तिच्या लक्षात आलं…

ओढ्याचा आवाज थांबला होता.

ओढा समोरच दिसत होता. पाणी वाहत होतं, दगडांवर आपटत होतं. पण आवाज नाही. मेंढरंही गप्प. काचेमुळे असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. काच समोरच्या बाजूला नव्हतीच, हे तिला नंतर आठवलं.

तिने डबा काढला.

आता इथे मला एक सांगितलं पाहिजे. आक्का गेल्यापासून मावशीने एक नेम धरला होता. वर्षश्राद्ध होईपर्यंत जेवताना पहिला घास आक्कांसाठी बाजूला काढायचा. घरी ती तो मागच्या अंगणातल्या भिंतीवर ठेवायची आणि म्हणायची, "आक्का, जेवा." मग कावळा, नाहीतर शेजारची खार, कुणीतरी तो न्यायचं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. काका तर असल्या गोष्टींना हसणारे. पण नेम तिने कधी मोडला नाही. त्या तीन दिवसांतही नाही.

त्या दिवशीही तिने दशमीचा तुकडा मोडला, त्यावर चिमूटभर चटणी ठेवली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला.

आणि म्हणाली, "जेवा."

एवढंच म्हणाली. नाव घेतलं नाही.

"इतकी दमले होते गं," नंतर वॉटफर्डच्या स्वयंपाकघरात मला सांगताना ती म्हणाली, "की 'आक्का' म्हणायचंही जिवावर आलं. मनात त्याच होत्या. पण तोंडाने नुसतं 'जेवा' म्हटलं. कुणाला, ते सांगितलंच नाही."

ती बाटलीतलं पाणी प्यायली. झाकण लावलं. बाजूला पाहिलं…

घास नव्हता.

पक्षी आला नव्हता. आला असता तर पंखांचा आवाज झाला असता, आणि एवढ्या शांततेत तो ऐकूही आला असता. ती वाकून बाकाखाली पाहू लागली. खाली काहीच नव्हतं. चटणीचा कणसुद्धा नाही.

मग बाक करकरला.

फार नाही. कुणी हलक्या अंगाचं माणूस बेतानं बसावं, तेवढाच.

मावशी सरळ झाली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई बसली होती.

वय झालेली. तपकिरी कोट. हात मांडीवर, एकावर एक. बरोबर काही नाही. पिशवी नाही, छत्री नाही, काठी नाही. बाहेर पाऊस, आणि तिचे बूट कोरडे.

मावशी घाबरली का? हे मी तिला तीनदा विचारलं. तीनदा ती म्हणाली, नाही. घाबरायलाही अंगात काहीतरी शिल्लक लागतं.

ती बाई समोर बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "फार दमली आहेस."

"कुठल्या भाषेत म्हणाली?" मी विचारलं.

मावशीने नळाखाली हात धरले. "ते आठवत नाही. समजलं एवढं खरं."

फार दमली आहेस. तेवढ्या तीन शब्दांवर मावशीला रडू फुटलं. हुंदके देऊन रडली ती, त्या परक्या फलाटावर. आणि मग तिने जे कुणालाही सांगितलं नव्हतं, काकांना नाही, माझ्या आईला नाही, ते त्या बाईला सांगून टाकलं.

आक्का झोपेत गेल्या नव्हत्या.

त्या पहाटे पाचला त्यांनी हाक मारली होती. "वरदा…" मावशीने ती ऐकली. त्या रात्री ती आधीच चारदा उठली होती. पाच मिनिटं, फक्त पाच मिनिटं पडते आणि उठते, असं ती मनाशी म्हणाली. मग दुसरी हाक आली, जरा बारीक. "वरदा…" मावशीने उशी कानावर ओढली.

तिसरी हाक आली नाही.

मावशी सहाला उठली, तेव्हा आक्का गार होत्या. डोळे दाराकडे लागलेले.

त्या बाईने सगळं ऐकून घेतलं. 'अगं अगं' नाही, 'असं बोलू नये' नाही. तिने फक्त मान डोलावली. मग म्हणाली, "तू झोप. मी बसते."

"माझी गाडी आहे चार बाराची."

"मी आहे ना बसलेली. तू झोप."

तुम्हाला यात भयाचं काही वाटणार नाही कदाचित. पण ज्या बाईने पाच वर्षं आजाऱ्याचं केलं आहे, तिला विचारा. हे वाक्य ऐकायला ती काय देईल ते विचारा. आमच्यापैकी एकानेही ते वाक्य तिला कधी म्हटलं नव्हतं.

मावशीने डोळे मिटले. तिला आठवतं ते एवढंच, की डोकं टेकायला एक खांदा होता, आणि तो खांदा गार होता.

इथून पुढचं काकांनी सांगितलेलं.

काका चार बाराच्या गाडीत खिडकीशी बसले होते. गार्डला त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, पुढच्या स्टेशनवर माझी बायको चढणार आहे. "हात दाखवतील ना त्या, मग थांबेल," गार्ड म्हणाला.

स्टेशन आलं. गाडीचा वेग कमी झाला. अगदी माणूस चालतो तेवढा.

काकांनी बाकावर दोन बायका पाहिल्या.

एक मावशी. तिचं डोकं दुसरीच्या खांद्यावर टेकलेलं, तोंड किंचित उघडं, गाढ झोपलेली. दुसरी ताठ बसलेली. तपकिरी कोट. ती थेट इंजिनाकडे बघत होती, आणि तिने एक हात वर केला होता.

थांबवायला करतात तसा नाही. दाराशी आलेल्या माणसाला आवाज न करता परत पाठवतात, तसा.

जा. जा. झोपलीय.

गाडीने वेग घेतला.

काका उठून गार्डकडे गेले. गार्डने ड्रायव्हरशी फोनवर बोलून सांगितलं, "फलाटावरच्या बाईंनी जा म्हणून खूण केली. ड्रायव्हरने स्वतः पाहिली. तुमच्या बरोबरच्याच ना त्या?"

तेव्हा साखळी ओढायला हवी होती, हे काका आता म्हणतात. पण त्या क्षणी त्यांना वाटलं, भेटली असेल कुणी वाटेत. झोपलीय बिचारी, झोपू दे. सव्वासातच्या गाडीने येईल.

त्यांनी ठरवून टाकलं आणि जागेवर येऊन बसले. हा माणूस वाईट नाही हो. पण दुसरं कुणीतरी बघतंय म्हटलं, की त्याचा जीव लगेच भांड्यात पडतो.

पुढच्या गावातल्या गेस्ट हाउसची मालकीण एल्स्पेथ नावाची, साठीची, फटकळ बाई होती. तिने काकांना चहा दिला. बायको कुठे आहे म्हणून विचारलं. काकांनी सांगितलं.

"बरोबर कोण आहे तिच्या?" एल्स्पेथने विचारलं.

"कोणीतरी वयस्कर बाई. तपकिरी कोटातली."

एल्स्पेथच्या हातातली किटली तशीच राहिली.

"तुमची बायको जागी होती, की झोपलेली?"

"झोपलेली."

तिने किटली खाली ठेवली आणि भिंतीवरची गाडीची किल्ली काढली. नवऱ्याला हाक मारून दोन ब्लॅंकेटं आणि थर्मास मागितला. सव्वापाच वाजले होते. जंगलखात्याच्या कच्च्या रस्त्याने वीस मिनिटं गाडी, आणि तिथून पुढे मैलभर चालत. काका सुजलेला गुडघा घेऊन त्या चिखलातून कसे गेले, ते त्यांनाही आठवत नाही. वाटेत ते एल्स्पेथला सारखे विचारत होते, कोण आहे ती? एल्स्पेथ टॉर्च मारत पुढे चालत होती. एकदाच म्हणाली, "पाय उचला."

मावशी झोपेत होती.

पाच वर्षांत लागली नव्हती अशी झोप. तिला थंडी वाजत नव्हती, उलट उबदार वाटत होतं. हात-पाय आहेत की नाहीत ते कळत नव्हतं, आणि कळून घ्यायची गरजही वाटत नव्हती. आता कुणी उठवू नये, एवढंच वाटत होतं.

आणि मग कुठूनतरी लांबून…

"वरदा…"

आक्कांचा आवाज. तोच, घोगरा, शेवटचं अक्षर लांबवणारा.

मावशीची बोटं हलली. लगेच कानाशी ती बाई म्हणाली, "नको उठू. मी बसलेय ना."

मावशी पुन्हा खाली खाली गेली.

"वरदा…"

या वेळी जवळून. बारीक.

"झोप," ती बाई म्हणाली. आवाजात जराही राग नव्हता. माया होती. "आता कुणाचं काही करायचं नाही तुला. कधीच नाही."

मावशी मला म्हणाली, "खरं सांगू? मला उठायचं नव्हतं. उठले नसते तर मेले असते, हे मला झोपेतही कळत होतं. तरी उठायचं नव्हतं. दुसरी हाक होऊन गेली, आणि मी वाट बघत होते. आता तिसरी येणार नाही. त्या दिवशीही आली नव्हती. म्हणजे झोपायला हरकत नाही."

आणि तिसरी हाक आली.

"वरदा… ऊठ गं."

"आले आक्का, आले," असं म्हणत मावशी उठली. रोज रात्री उठायची तशीच. डोळे उघडायच्या आधी पाय खाली.

पाय खाली टेकले ते गार पाण्यात.

ती आडोशाच्या बाहेर उभी होती, फलाटाच्या अगदी कडेला, पावसात, अनवाणी. अंधारून आलं होतं. ओढ्याचा आवाज एकदम कानांवर आदळला. तिने मागे वळून पाहिलं…

बाक रिकामा होता.

फलाटाच्या टोकाकडून टॉर्चचा उजेड हलत येत होता.

काकांनी तिला धरलं तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. तिचा रेनकोट घडी करून बाकावर उशीसारखा ठेवलेला होता. स्वेटरची बटणं काढलेली. बूट बाकाखाली जोडीने, मोजे आत गुंडाळून. मावशी बुटांच्या नाड्यांना नेहमी दुहेरी गाठ मारते, आणि संधिवाताच्या बोटांनी ती तिची तिलाच सुटत नाही. रोज काका सोडून देतात.

त्या दिवशी दोन्ही गाठी सुटलेल्या होत्या.

"हाक तुम्ही मारलीत का?" ब्लॅंकेटमध्ये थरथरत तिने विचारलं.

काकांना दम लागला होता. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. एल्स्पेथनेही हाक मारलेली नव्हती. तिला तर मावशीचं नावही नीट घेता येत नव्हतं.

एल्स्पेथने टॉर्च बाकावर मारला, जरा वेळ तसाच धरून ठेवला आणि मग खाली केला.

"ती वाईट नाही," ती म्हणाली. "वाईट असती तर लोक उठून पळाले असते."

याहून जास्त तिने काही सांगितलं नाही. ती बाई कोण, कधीची, आधी काय झालं होतं, किती जणांना झालं, काहीच नाही. काकांनी दुसऱ्या दिवशी फोन करून पुन्हा विचारलं, तर म्हणाली, तुमच्या बायकोला घरी घेऊन जा आणि तिला एकटी ठेवू नका.

मावशीला एक दिवस हॉस्पिटलात ठेवलं. काका डॉक्टर माणूस. त्यांनी कारण लगेच शोधलं. हायपोथर्मिया. शरीर फार गार पडलं की शेवटी शेवटी माणसाला उकडायला लागतं, तो अंगावरचे कपडे काढतो, त्याला भास होतात. सगळं बसतं. मावशीही हो म्हणाली.

मग काकाच म्हणाले, "पण मी तर गाडीत होतो. मला कुठे थंडी वाजत होती?"

त्या दिवशी, त्या हॉस्पिटलच्या खोलीत, मावशीने त्यांनाही ते सांगितलं. आक्कांच्या दोन हाका. कानावर ओढलेली उशी. सांगताना ती त्यांच्याकडे बघत नव्हती. आता हा माणूस काय म्हणेल, आयुष्यात पुन्हा तोंड बघेल की नाही, असं तिला वाटत होतं.

काकांनी खुर्ची तिच्या खाटेजवळ ओढली.

मग म्हणाले, "मीही जागा होतो."

"काय?"

"मीही ऐकलं होतं. दोन्ही वेळा. मला वाटलं, तू उठशील."

हे सांगताना मावशीने नळ बंद केला होता. स्वयंपाकघरात काही आवाज नव्हता. मी तिच्या पाठीकडे बघत होते, आणि पाच वर्षं महिन्यातून एकदा नेलेली माझी ती फुलं मला आठवत होती.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहिली नसती.

गेल्या मार्चमध्ये काकांना मावशीच्या कोटाच्या खिशात एक तिकीट सापडलं. लंडनहून उत्तरेकडचं. त्याच स्टेशनचं. सिंगल. परतीचं नाही. मावशीला ते काढल्याचं आठवत नाही. ती खोटं बोलत नाही, हे मला माहीत आहे. पण ती घाबरलेलीही दिसली नाही, आणि ते मला जास्त लागलं.

"तिचा मला राग येत नाही गं," ती म्हणाली. "कधी कधी दुपारी वाटतं, तिथे जाऊन जरा बसावं."

तेव्हापासून आम्ही वार वाटून घेतले आहेत. काका आता खरंच घरात असतात. शनिवार-रविवार कुश किंवा त्याची बायको सारा येते. गुरुवारी काकांची फिजिओथेरपी असते, तेव्हा मी हाफ डे घेऊन एजवेअरहून बसने वॉटफर्डला जाते. जेवण झालं की मावशीला सोफ्यावर आडवं करते, पांघरूण घालते आणि म्हणते, "तू झोप. मी बसते." फार उशिरा शिकले हे वाक्य. पण म्हणते. ती लहान मुलीसारखी झोपते. मी समोरच्या खुर्चीत लॅपटॉप घेऊन बसते. तिच्या बाजूला दुसरी एक खुर्ची असते, रिकामी.

मागच्या गुरुवारची गोष्ट. साडेतीन वाजले असतील. मावशी गाढ झोपली होती. मी ईमेल लिहीत होते. रस्त्यावरून शाळेची मुलं चालली होती, त्यांचा गलका येत होता. मग तो ऐकू येईनासा झाला. मला वाटलं, गेली असतील पुढे. मी खिडकीकडे पाहिलं…

मुलं तिथेच होती. हसत होती, एकमेकांना ढकलत होती. आवाज नव्हता.

मी लॅपटॉप बंद केला. मावशीने झोपेतच कूस बदलली. डोळे मिटलेले, चेहरा इतका शांत, की तसा मी कधी पाहिला नव्हता. आणि अगदी नेहमीच्या आवाजात, माझी काळजी वाटून, ती म्हणाली,

"तू जा गं आता घरी. दोघींनी कशाला बसायचं?"

मी दुसऱ्या खुर्चीकडे पाहिलं नाही. मावशीचा हात हातात घेतला आणि तो चोळत राहिले. माझी नेहमीची बस चुकली, मग पुढचीही चुकली. काकांनी येऊन दिवा लावेपर्यंत मी जागची हलले नाही.